सण घरात करा म्हटलं, पण विचारलं कोणाला?

जरा ८ एप्रिल २०२० ही तारीख आठवा. टाळेबंदीचा पंधरावा दिवस. चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. एरवी आपल्या जिल्ह्यात वेशीवेशीवर मारुतीपुढे महाप्रसादाच्या पंगती बसतात. त्या दिवशी देवळाला कुलूप आणि चौकात पोलिसांची गाडी.

तो सगळा पंधरवडाच तसा होता. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस गुढीपाडव्याचा. मग २ एप्रिलला रामनवमी, ६ ला महावीर जयंती, १० ला गुड फ्रायडे, १२ ला ईस्टर, १४ ला बाबासाहेबांची जयंती. शब-ए-बरातही त्याच दिवसांत आली आणि महिना संपता संपता रमजान लागला. कोणत्याच धर्माचा माणूस सुटला नाही. सगळ्यांना एकच सांगणं होतं, सण घरात करा.

या यादीत एक सण बहुतेकांच्या लक्षातच आला नाही. त्याच ८ एप्रिलच्या पौर्णिमेच्या रात्री आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या घरांत, ज्यूंचा पेसाह म्हणजे पासओव्हर सुरू झाला. रायगड, ठाणे, मुंबई, पुणे इथल्या बेने इस्रायल कुटुंबांनी तो बंद दाराआड केला. कोणाची लेक दुसऱ्या शहरात अडकलेली, कोणाचा मुलगा इस्रायलमध्ये. आंतरराष्ट्रीय विमानं मार्चमध्येच थांबली होती. कोणी मोर्चा काढला नाही, कोणी चॅनलवर ओरडलं नाही. म्हणून आपल्याला कळलंही नाही.

तुम्ही म्हणाल, वर्ध्यात बसून ज्यूंच्या सणाचं काय घेऊन बसलात? कारण आहे. मोठ्या समाजाचा सण बंद झाला की निदान चर्चा तरी होते. लहान समाजाचा सण बंद होतो तेव्हा आदेश काढणाऱ्याला आपण काय बंद केलं हेच माहीत नसतं. आणि आपल्या जिल्ह्यातही असे लहान समाज आहेत. त्यांच्यावर शेवटी येतोच.

आधी ही माणसं कोण ते सांगतो. बेने इस्रायल परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं ते सांगतात. पुढे कोकणातल्या गावागावांत ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आपल्या जिल्ह्याला घाणा वेगळा सांगायला नको. मगनवाडीत ग्रामोद्योग संघानं सुधारलेला बैलघाणा देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखला गेला. तेव्हा धंद्यानं तरी हे लोक आपल्या ओळखीतलेच म्हणायचे. आडनावं बघा: केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर. गावावरून आडनाव, अगदी आपल्यासारखं.

आणि सणांची नावं तर ऐकाच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण. पुरीम होळीच्या दिवसांत येतो म्हणून होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. पेसाहला आंबवलेलं काही खायचं नाही, म्हणून तो अनाशी ढाकण्याचा सण, म्हणजे आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा सण. आणि योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात पवित्र उपासाचा दिवस, त्याचं नाव दार फळणीचा सण. दार लावून घ्यायचा सण. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संख्या म्हणाल तर आज देशभरात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत. इस्रायल झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. तिथेही मराठी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक काढलं. इथे जे उरले त्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावर दर्जा मिळाला, पण २०२० मध्ये तो कागद कुठे उपयोगी पडला, हा माझा प्रश्न आहे.

आता पेसाह म्हणजे काय ते थोडक्यात. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाली त्याची आठवण. पहिल्या रात्री सगळं घर एका टेबलाभोवती बसतं. त्या जेवणाला सेदेर म्हणतात. बिनखमिराची रोटी, कडू भाजी, खजुराचा गोड पाक. घरातलं सगळ्यात लहान पोर चार प्रश्न विचारतं, आजची रात्र वेगळी काऊन आहे म्हणून, आणि मोठी माणसं त्याला सुटकेची गोष्ट सांगतात. द्राक्षरसाचे चार पेले घेतात. बेने इस्रायल घरांत त्यासाठी काळ्या मनुका भिजवून शरबत करतात, म्हणजे आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यातही चालेल. गोष्ट ज्या पोथीतून वाचतात ती हग्गादा. तिचं मराठी भाषांतर छापून १७५ वर्षांहून जास्त झाली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादाच्या चित्रांत तर लुगडं नेसलेल्या बायका रोट्या करताना दिसतात.

आणि मूळ कथा काय आहे? मिसर देशावर एकामागून एक संकटं येतात. शेवटच्या रात्री या लोकांना सांगितलं जातं की चौकटीवर खूण करा आणि सकाळ होईपर्यंत कोणीही दाराबाहेर पडू नका. म्हणजे पहिला पेसाह ही संचारबंदीचीच रात्र होती. बाहेर मरण फिरतंय आणि घरात कुटुंब एकत्र बसलंय. २०२० मध्ये जगभरच्या ज्यूंना ही गोष्ट नव्यानं वाचावी लागली नसेल, ती त्यांच्या घरातच घडत होती. खुद्द इस्रायल सरकारनं त्या ८ एप्रिलच्या रात्री देशात संचारबंदी लावली, लोकांनी आईबापांकडे जेवायला जाऊ नये म्हणून.

म्हणून ‘सण घरात करा’ या सांगण्यानं पेसाह मोडला नाही, हे आधी मान्य करतो. बेने इस्रायलांचा इतिहासही तेच सांगतो. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं १७९६ साली. सॅम्युएल ईझिकिएल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी दिवेकर, यांनी ते बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात, कारण हे लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. पण त्याआधी शेकडो वर्षं? सिनेगॉग नाही, शिकलेला धर्मगुरू नाही, हातात पोथी नाही. तरी शनिवार पाळला गेला, मुलांची सुंता झाली, उपास झाले. कोणी टिकवलं हे? घरांनी. त्यातही घरातल्या बायकांनी, चुलीपाशी. काय शिजवायचं, काय नाही, कोणतं भांडं कधी झाकायचं, हे आईनं मुलीला सांगितलं म्हणून धर्म राहिला.

आपल्याकडे वेगळं काय झालं? १४ एप्रिल २०२० ला मिरवणूक निघाली नाही, पण घराघरांत बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. त्या वर्षी ईदची नमाज अंगणात झाली. आषाढीला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यानं घरातच अभंग म्हटले. घर हे धर्माचं शेवटचं ठाणं आहे, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल.

काही गोष्टी घर एकट्यानं करू शकत नाही. ज्यूंमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तरी चालत नाही. बाप गेला तर मुलगा त्याच्यासाठी कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतो, जवळजवळ वर्षभर, आणि ती दहा जणांतच म्हणायची असते. आता विचार करा. अलिबागच्या बाजूला किंवा ठाण्यात समाज आधीच मूठभर. त्यात वयस्कर जास्त. सिनेगॉगला कुलूप. ज्याचा बाप त्या वर्षात गेला त्यानं ते दहा जण आणायचे कुठून? आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर माणसाची कशी घालमेल होते, ते आठवा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट एकट्या म्हाताऱ्या माणसांची. लेकरं परदेशात, घरात आजी एकटी. सेदेरला चार प्रश्न विचारायला लहान पोर नाही. व्हिडिओ कॉल करा म्हणणं आपल्याला सोपं आहे. पण परंपरेनं चालणारे ज्यू सणाच्या दिवशी विजेचं उपकरण चालू-बंद करत नाहीत. मार्च २०२० मध्ये इस्रायलमधल्या मोरोक्कन परंपरेच्या काही रब्बींनी तोड काढली की सूर्यास्ताआधीच कॉल सुरू करून तसाच ठेवा, म्हातारी माणसं एकटी पडू नयेत म्हणून यंदापुरतं चालेल. दुसऱ्या रब्बींनी जोरात विरोध केला. वाद झाला, पण वादात पडणाऱ्या दोन्ही बाजूंना निदान काय पणाला लागलंय ते माहीत होतं.

यातला कोणीही ‘आम्हाला आजाराची पर्वा नाही’ म्हणत नव्हता. ज्यूंच्या धर्मशास्त्रात जीव वाचवणं जवळपास सगळ्या नेमांच्या वर आहे. जीव धोक्यात असेल तर शनिवार मोडायचा, उपास मोडायचा. मुंबईला प्लेग आला तेव्हा १० जानेवारी १८९७ ला लस स्वतःच्या अंगात टोचून घेणारे वॉल्डेमार हाफकिनही ज्यूच होते. तेव्हा प्रश्न धर्म विरुद्ध विज्ञान असा नव्हता, अजूनही नाही.

प्रश्न असा आहे की नियम करताना ज्याच्यावर तो पडणार त्याला विचारायचं की नाही.

दार फळणीचा सण मी लक्षात ठेवा म्हटलं होतं. योम किप्पूरला जुने बेने इस्रायल लोक आतून दार लावून घ्यायचे. पांढरे कपडे, कडक उपास, दिवसभर बाहेरच्या कोणाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडायचं, गरिबाला दान द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. पुढे सिनेगॉगं झाली तसा हा दिवस तिथे सगळ्यांनी मिळून प्रार्थनेत घालवायचा झाला.

आता तारखा बघा. आपल्या राज्यात प्रार्थनास्थळं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या वर्षीचा योम किप्पूर २७-२८ सप्टेंबरला होता, म्हणजे कुलपात. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली. त्या वर्षीचा योम किप्पूर १५-१६ सप्टेंबरला, पुन्हा कुलपात. दोन्ही वर्षं देवाची दारं उघडली ती बहुसंख्य समाजाच्या सणाचा मुहूर्त धरून. त्यात कोणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्या खोलीत तारीख ठरली, तिथे दार फळणीचा सण कधी आहे हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आतून लावलेली कडी आणि बाहेरून लावलेलं कुलूप यात फरक आहे. कडी मी माझ्या मनानं लावतो, वेळ झाली की उघडतो. कुलपाची चावी दुसऱ्याच्या खिशात असते. एकच बंद दार, पण एकात उपास घडतो आणि दुसऱ्यात कैद. कडी लावून घेण्याची सवय असलेल्या समाजाला तर सरकारनं विश्वासात घेतलं असतं तर त्यांनी स्वतःहून लावली असती.

मग ज्यांना सवलत मिळाली त्यांना कशी मिळाली? जैन समाजाच्या पर्युषणासाठी सर्वोच्च न्यायालयानं २१ ऑगस्ट २०२० ला दादर, भायखळा आणि चेंबूर इथली तीन मंदिरं दोन दिवस उघडायला परवानगी दिली. एका वेळी पाच माणसं, अंतर राखून. पारशी पंचायतीलाही डुंगरवाडीतल्या एका दिवसाच्या प्रार्थनेसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. दोन्ही मागण्या रास्त होत्या, मिळालं ते चांगलंच झालं. पण यातून नियम काय दिसला? ज्याच्याकडे वकील, त्याच्याकडे सण. आमच्या कारंज्याच्या किंवा समुद्रपूरच्या एखाद्या टोळ्यानं, तांड्यानं, पाच घरांच्या मंडळीनं कोणत्या वकिलाकडे जायचं?

त्याच ५ ऑक्टोबरला राज्यात हॉटेलं आणि बार उघडले, प्रार्थनास्थळं बंदच. मग राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांत ‘सेक्युलर’ शब्दावरून पत्रापत्री झाली. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून बारवाला विनोद आपल्याला अर्धाच कळला. पण त्या सगळ्या भांडणात मुद्दा बाजूला राहिला. मंदिर आधी की बार आधी हा राजकारणाचा प्रश्न झाला. बंद हॉलमध्ये दोनशे माणसं आणि उघड्या अंगणात दहा माणसं यात आजाराच्या हिशोबानं किती फरक आहे, हा खरा प्रश्न होता. तो कोणीच विचारला नाही.

आपलंच उदाहरण घ्या. केंद्राची १ मे २०२० ची झोनची यादी आली तेव्हा अख्ख्या राज्यात फक्त सहा जिल्हे हिरवे होते. उस्मानाबाद, वाशीम, सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली आणि वर्धा. हिरव्या जिल्ह्यात बस चालेल, दुकानं चालतील असं सांगितलं. पण धार्मिक एकत्र येण्याचा नियम मुंबईला जो, तोच वर्ध्याला. घोराडच्या विठ्ठल मंदिराला, गिरडच्या दर्ग्याला आणि खेड्यातल्या दहा माणसांच्या भजनालाही तोच. एप्रिलमध्ये कोणालाच काही कळत नव्हतं तेव्हा सगळं बंद केलं ते बरोबर होतं, मी त्याच्या बाजूनंच होतो आणि आहे. पण पुढच्या महिन्यांत डोळे उघडून नियम वेगळे करता आले असते.

यावर एक आक्षेप येणार, तो आधीच घेतो. ‘विषाणूला धर्म नसतो. एकाला सवलत दिली की दुसरा मागतो. पोलिसानं चौकात उभं राहून कोणाचा मिन्यान आणि कोणाचं भजन ते तपासायचं काय?’ आक्षेपात दम आहे. पोलिसांना सोपा नियम लागतो, हे खरंच. म्हणूनच मी म्हणतो, धर्म बघून नियम करूच नका. जागा बघून करा, हवा बघून करा, वेळ बघून करा. उघड्यावर अमुक फुटांमागे एक माणूस, पाऊण तास, मास्क, नोंदवही. यात मारुतीचं भजनही बसेल, अंगणातली नमाजही बसेल, चर्चही बसेल आणि दहा जणांची प्रार्थनाही बसेल. नियम सगळ्यांना सारखाच राहील. फक्त आकडा कुठून आला ते सांगता येईल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम आला होता, आठवतं? अंत्यविधीला २०. लग्नाला २५ काऊन, ३० काऊन नाही, हे कोणी समजावून सांगितलं का? नाही. आला आकडा, लागला नियम. ज्याला कारण सांगितलं जात नाही, तो नियम माणूस पाळतो तो फक्त पोलीस दिसेपर्यंत.

कायद्याचाही इतिहास आहे. २०२० मध्ये जो साथरोग कायदा बाहेर काढला तो १८९७ चा, प्लेगच्या वर्षाचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या माणसांनी घरात घुसून तपासण्या केल्या, देवघरं बाटवल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २२ जूनला रँडवर गोळी चालली. खुनाचं समर्थन नाही करत. पण साथ आटोक्यात आणायची म्हणून लोकांना न विचारता त्यांच्या घरात आणि देवात हात घातला की काय होतं, हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. त्या कायद्यात निर्बंध घालायचा अधिकार आहे. विचारायचं बंधन नाही.

विचारण्यावरून एक गोष्ट थेट आपल्या जिल्ह्यातली. सेवाग्राम तेव्हा शेगाव होतं. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे जिवलग मित्र हर्मन कालेनबाख ज्यू होते, १९३७ मध्ये ते शेगावला येऊन राहिले होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गांधीजींनी इथूनच ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. त्यांच्यावरच्या अन्यायाबद्दल कळवळा होता, पण जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असा सल्लाही होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून मार्टिन बूबर या विचारवंतानं गांधीजींना लांबलचक उत्तर लिहिलं. आदर ठेवून त्यांनी म्हटलं त्याचा मथितार्थ असा की तुम्ही आमची परिस्थिती आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसारखी समजता, ती तशी नाही. गांधीजींइतका सहृदय माणूस, ज्याचा सख्खा मित्र ज्यू, त्यालाही दुरून सल्ला देताना अंदाज चुकल्याचं ऐकून घ्यावं लागलं. मग मंत्रालयात बसून एका रात्रीत आदेश लिहिणाऱ्याचं काय?

आता तुम्ही म्हणाल, साथ गेली, विषय संपला. नाही संपला. सणावाराच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश निघतो, पाच किंवा जास्त लोकांनी परवानगीशिवाय जमायचं नाही. पेपरात चार ओळी येतात, आपण वाचून पुढे जातो. सणाआधी शांतता समितीची बैठक होते. बैठकीत कोण असतं? मोठ्या मंडळांचे अध्यक्ष, मोठ्या समाजांचे पुढारी, नगरसेवक. मिरवणुकीचा रस्ता, डीजेचा आवाज, विसर्जनाची वेळ. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण आर्वीकडचा तांडा, पारध्यांचा बेडा, एखाद्या तालुक्यातली चार-दोन ख्रिस्ती किंवा शीख घरं, यांना त्या खुर्चीवर बसलेलं तुम्ही कधी पाहिलं? त्यांचाही सण असतो, त्यांच्याकडेही मयत होते. त्यांचं कोणी माणूस एखाद्या दिवशी म्हणेल, ‘आमाले काऊन इचारलं नाही?’ तर आपल्याकडे उत्तर काय आहे?

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. पैसा लागत नाही, फक्त इच्छा लागते.

१. शांतता समितीत प्रत्येक तालुक्यातून लहान समाजांचा निदान एक माणूस हवा. त्या समाजाचे महत्त्वाचे दिवस आणि त्याला कमीत कमी किती माणसं लागतात, याची एक साधी यादी तहसील कार्यालयात हवी. साथ नसताना केलेली यादी साथ आल्यावर कामी येते.

२. जमावबंदीचा कोणताही आदेश निघाला तर त्यात तीन गोष्टी सोप्या मराठीत लिहिलेल्या असाव्यात. आकडा कोणत्या कारणानं ठरला, आदेश कधी संपणार, आणि अडचण असेल तर कोणाला भेटायचं. कोर्टाची पायरी चढायच्या आधी एक दार तरी असू द्या.

३. मयत आणि एकटी म्हातारी माणसं, यांचा वेगळा विचार हवा. दुसरं काहीही पुढे ढकलता येतं, बापाचं शेवटचं ढकलता येत नाही. आणि सणाच्या दिवशी एकट्या आजीकडे घरातलं एक माणूस जाऊ शकेल, एवढा पास तरी हवा. २०२० मध्ये भाजीवाल्याला पास होता, नातवाला नव्हता.

आणि आपल्यासाठी, म्हणजे मोठ्या समाजातल्या लोकांसाठीही एक गोष्ट. आपल्या देवळाचं कुलूप उघडावं म्हणून आपण घंटानाद केला. शेजारच्या लहान घराचं कुलूप उघडावं म्हणून कितीदा आवाज केला? एखाद्या समाजानं मुकाट्यानं नियम पाळला तर त्याला काही त्रास झाला नाही असं आपण धरून चालतो. गप्प माणसाचं नुकसान मोजलंच जात नाही.

सेदेरच्या रात्री जेवण उरकत आलं की एक रीत आहे. एलियाहू नबी येईल म्हणून घराचं दार उघडतात. बेने इस्रायल लोकांची तर एलियाहू नबीवर खास श्रद्धा. मलिदा करून त्याचं स्मरण करतात. ८ एप्रिल २०२० च्या रात्रीही कुठल्या तरी घरात दोनच माणसं असतील, बाहेर संचारबंदी असेल, तरी एक क्षण दार उघडलं गेलंच असेल. त्या वेळी आपण आपापल्या घरात, आपापल्या सणाच्या दुःखात होतो. पुढच्या वेळी आदेश निघेल तेव्हा आपल्या गल्लीत अजून कोणाचा सण आहे, एवढं विचारा. सुरुवात तलाठ्यापासून नका करू, शेजारच्या दारापासून करा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा. आणि तुमच्या गावात असा एखादा लहान समाज असेल, ज्याला बैठकीला कधी बोलावलं जात नाही, तर गावाचं आणि समाजाचं नाव तेवढं लिहा. माणसाचं नाव नको. यादी झाली की ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जायला मी तयार आहे. सोबत कोण येतंय सांगा.